शनिवार तेल्यांचा तेलाचा सण

हिब्रू पंचांगातील किस्लेव महिन्याच्या २५ तारखेला सुरू होऊन आठ दिवस चालणारा हनुक्का हा ज्यूंचा सण बहुधा डिसेंबरात येतो आणि त्याचा सारा आचार तेलाभोवती फिरतो. तरीही पिढ्यानपिढ्या घाण्यावर तेल गाळूनच पोट भरणाऱ्या कोकणातील बेने इस्रायल समाजाला हा सण अनेक शतके ठाऊक नव्हता. महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासातील या विलक्षण गोष्टीची दखल मराठी वाचकांपर्यंत फारशी पोहोचलेली नाही.

‘हनुक्का’ या हिब्रू शब्दाचा अर्थ वास्तूची प्रतिष्ठापना असा आहे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात यहुदिया प्रांतावर सत्ता गाजवणाऱ्या सेल्युकिड वंशातील चौथ्या अँटिओकस राजाने ज्यूंच्या धर्माचरणावर बंदी घातली आणि जेरुसलेमचे मंदिर भ्रष्ट केले, तेव्हा यहूदा मक्काबी आणि त्याचे भाऊ यांनी उठाव केला व ख्रिस्तपूर्व १६४ मध्ये ते मंदिर परत मिळवून त्याची पुन्हा प्रतिष्ठापना केली. मंदिरातील दीपवृक्षासाठी शुद्ध तेलाची एकच कुपी सापडली आणि एका दिवसाचे ते तेल आठ दिवस पुरले, ही सर्वपरिचित कथा मात्र मक्काबींचा वृत्तांत सांगणाऱ्या जुन्या ग्रंथांत नाही; ती त्यानंतर काही शतकांनी सिद्ध झालेल्या टालमूड या धर्मचर्चेच्या ग्रंथात येते. रणातला विजय मागे सरून तेलाची कुपी पुढे आली, यात त्या समाजाची प्रज्ञा दिसते, कारण पुढे ज्या काळात त्याच्या हाती ना सैन्य राहिले ना राज्य, त्या काळातही कोणत्याही घरात पेटवता येईल अशी एक ज्योत त्याच्यापाशी उरली.

या ज्योतींची संख्या कशी असावी, याविषयी टालमूडमध्ये दोन परंपरांचा वाद नोंदलेला आहे. शम्माईच्या अनुयायांच्या मते पहिल्या रात्री आठ दिवे लावून पुढे रोज एक कमी करावा, तर हिलेलच्या अनुयायांच्या मते एका दिव्याने आरंभ करून रोज एक वाढवावा, कारण पवित्र गोष्टीत चढत जावे, उतरू नये. रूढ झाला तो हिलेलचा मार्ग, आणि म्हणून आठ रात्रींत मिळून ३६ दिवे लागतात. त्यांच्या जोडीला रोज ‘शमाश’, म्हणजे सेवक, या नावाचा एक वेगळा दिवा असतो व त्याने बाकीचे पेटवले जातात. शमाशाचे प्रयोजन केवळ सोयीचे नाही. हनुक्काच्या दिव्यांच्या उजेडात वाचू नये, शिवू नये, पैसे मोजू नयेत, ते केवळ पाहावेत, असा दंडक असल्यामुळे चुकून उजेडाचा उपयोग झालाच तर तो शमाशाचा झाला असे मानता येते. दिवे दाराशी किंवा खिडकीत, येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसतील असे ठेवायचे असतात. हनुक्काला ‘ज्यूंची दिवाळी’ म्हणण्याची जी सवय आहे ती आपुलकीची असली, तरी उपयोगासाठी नसलेला उजेड ही या सणाची खास कल्पना त्या नावाखाली झाकली जाते.

तेलाची आठवण म्हणून या दिवसांत तळलेले पदार्थ खाल्ले जातात. पूर्व युरोपातील ज्यू बटाट्याच्या किसाची लाटके नावाची थालिपीठासारखी चपटी भजी करतात, मोरोक्कोतील ज्यू स्फेंज नावाची तळलेली कडी करतात, आणि इस्रायलमध्ये आत मुरंबा भरलेले गोल तळलेले पाव, म्हणजे सुफगानियोत, दुकानोदुकानी दिसतात.

कोकणातील कथा याहून वेगळी आहे. बेने इस्रायलांच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगाव येथे फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांचे वंशज कोकणातील गावोगावी तेल्याचा व्यवसाय करू लागले. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा धार्मिक विश्राम, पाळून त्या दिवशी ते घाण्याला बैल जुंपत नसत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. त्यांच्या सणांची जुनी मराठी नावे ऐकण्यासारखी आहेत: नव्याचा सण, खिरीचा सण, दार झाकून उपास करण्याचा दरफाळणीचा सण, सोललेल्या वालांची उसळ खाण्याचा बिरड्याचा सण, आणि पुरीम या सणाला त्याच सुमारास येणाऱ्या होळीवरून पडलेले होळीचा सण हे नाव. या मालिकेत हनुक्काला मराठी नाव नाही, कारण हनुक्का तेथे नव्हताच.

याच समाजातील इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आणि १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या समाजेतिहासात या अभावालाच पुरावा मानले: पूर्वज ख्रिस्तपूर्व १७५ च्या सुमारास, मंदिराच्या पुनःप्रतिष्ठापनेपूर्वीच, निघाले असल्यामुळे तो सण त्यांच्याबरोबर येणे शक्यच नव्हते. हा तर्क निर्णायक नाही, कारण हनुक्का हिब्रू बायबलमध्ये नसून नंतरच्या धर्मपंडितांनी रूढ केलेला सण आहे आणि धर्मग्रंथांशी व इतर ज्यूंशी संपर्क तुटलेल्या छोट्या वस्तीत असा सण विस्मृतीत जाणेही संभवते. तरीही स्वतःच्या उणिवेकडे लाजिरवाणी गोष्ट म्हणून न पाहता तिच्यात आपल्या प्राचीनतेची खूण शोधणारी केहिमकरांची दृष्टी आदरास पात्र आहे.

परंपरेने डेव्हिड राहाबी या नावाशी जोडलेल्या धर्मशिक्षणातून, आणि पुढे कोचीनच्या व बगदादी ज्यूंच्या सहवासातून, बेने इस्रायलांचे आचार इतर ज्यूंच्या आचारांशी जुळत गेले. मुंबईत १७९६ मध्ये त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभे राहिले, ज्याला ते आपल्या बोलीत ‘मशीद’ म्हणत, आणि हनुक्काही त्यांच्या वर्षक्रमात आला. बाहेरून आलेला हा सण इथल्या वस्तूंनी आपलासा करून घेतला. भिंतीवर टांगायचा धातूचा दिवा, त्यावर डेव्हिडचा सहा टोकांचा तारा, आणि कड्यांमध्ये बसवलेले काचेचे छोटे पेले, अशा घडणीचे मुंबईचे हनुक्का-दिवे आज संग्रहालयांतही पाहायला मिळतात. पेल्यात तळाशी पाणी, वर तेल आणि त्यात वात, ही रीत कोकणातल्या माणसाला शिकवावी लागली नसेल. ताटात लाटके नव्हे, तर गुलाबजामांसारखे तळणीतले ओळखीचे गोड पदार्थ आले. मांस आणि दूध एका जेवणात येऊ नये हा ज्यू आहारनियम असल्यामुळे खव्याच्या पदार्थाबरोबर मटणाचा बेत मात्र करता येत नाही.

टालमूडमध्ये दिव्याला कोणतेही तेल चालते, पण ऑलिव्हचे उत्तम, असे सांगितले आहे. मात्र तेथेच रब्बा नावाच्या गुरूंविषयीची एक आठवणही नोंदलेली आहे. ज्योत अधिक वेळ टिकते म्हणून ते आधी तिळाचे तेल शोधत असत, आणि ऑलिव्हच्या तेलाचा उजेड अधिक स्वच्छ असतो हे कळल्यावर त्यांनी ते स्वीकारले. बाबिलोनियातील त्या गुरूंना जे तेल शोधावे लागत होते, ते कोकणातल्या शनिवार तेल्यांच्या घाण्यातून शुक्रवारी सूर्य मावळेपर्यंत गळत असे.