ग्रुपवर टाकलंय!

'अतितात्काळ. सोबतच्या तक्त्यात माहिती उद्या सकाळी अकरापर्यंत भरावी. निरंक असल्यास तसे कळवावे.' रविवारी रात्री साडेनऊला असा मेसेज आला नाही, असा जिल्हा परिषदेचा शिक्षक शोधून सापडणार नाही. तलाठी आणि आशा सेविकांचीही तीच गत. मेळघाटातल्या एखाद्या शाळेत रेंज नसेल तर तो शिक्षकाचा दोष. साहेबांनी 'ग्रुपवर टाकलंय' ना, मग त्यांचं काम संपलं!

पूर आला, साथ पसरली, तर व्हॉट्सॲपइतकं चपळ साधन दुसरं नाही. कोरोनाच्या काळात ते सर्वांनी पाहिलं. प्रश्न रोजच्या कारभाराचा आहे. या माध्यमाचा खरा गुण म्हणजे खालच्याला वरच्याशी चारचौघांत बोलता येतं. कार्यालयांनी पहिल्यांदा तोच काढून टाकला. 'फक्त ॲडमिन लिहू शकेल' हे बटण दाबलं की ग्रुपची दवंडी होते. जिथे ते दाबलेलं नसतं तिथे अंगठे, हात जोडलेले आणि 'ओके सर' यांची रांग लागते. ही माहिती गेल्याच आठवड्यात दिली होती, हे त्या रांगेत कोण लिहिणार?

त्याहून गंभीर गोष्ट नोंदीची. कागदी आदेशावर जावक क्रमांक असतो, तारीख आणि सही असते. पुढे काही बिघडलं तर आदेश कुणाचा, हे त्यावरून ठरतं. ग्रुपवरचा आदेश मात्र काढणाऱ्याला पुसता येतो. साहेबांची बदली झाली की ते ग्रुप सोडतात, आणि चौकशीला उरतो तो आदेश पाळणारा. माहितीच्या अधिकारात असा मेसेज मागून पाहा, संबंधितांच्या फोनकडे बोट दाखवलं जाईल. अमेरिकेत बँकर मंडळी खासगी फोनवरच्या व्हॉट्सॲपवरून कामकाज करत होती आणि त्याच्या नोंदी जपल्या जात नव्हत्या. एवढ्यावरून सप्टेंबर २०२२ मध्ये तिथल्या नियामकांनी बड्या वित्तसंस्थांना सुमारे १८० कोटी डॉलर दंड ठोठावला. आपल्याकडे हा प्रश्नही कुणी विचारत नाही.

राज्य सरकारने जुलै २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराचे नियम काढले. सरकारी धोरणावर टीका नको, गोपनीय कागद टाकू नका, हे सगळं त्यात आलं. कार्यालयीन समन्वयासाठी व्हॉट्सॲप, टेलिग्रामला मुभाही दिली. कर्मचाऱ्याने काय लिहू नये याची एवढी काळजी घेणाऱ्यांनी साहेबाने काय लिहावं आणि केव्हा लिहावं, यासाठीही दोन ओळी खर्चायला हव्यात. ग्रुपवर दिलेल्या प्रत्येक आदेशाचं सहीचं पत्र दुसऱ्या कामाच्या दिवशी निघालं पाहिजे. न निघाल्यास तो आदेश कुणावरही बंधनकारक राहू नये. सामान्य प्रशासन विभागाने एवढं परिपत्रक काढावं, आणि ते जावक क्रमांकासह काढावं.