देवाच्या घरचे दत्तक

गेल्या वर्षीं परीक्षेचे अर्ज भरीत असतांना एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "सर, धर्माच्या रकान्यांत मीं 'ख्रिस्ती' असें लिहिलें. पण ख्रिस्ती म्हणजे मी नक्की कोण?" वर्गांतील मुलें हंसलीं, मला मात्र हंसूं आलें नाहीं. बाप्तिस्म्याचा दाखला, आडनांव व रविवारची उपासना इतकें उत्तर पुरेसें असतें, तर तो प्रश्न त्यास पडलाच नसता.

माझ्या अल्पमतीप्रमाणें त्याचें उत्तर एका शब्दांत सांठविलेलें आहे, आणि तो शब्द आपल्या मराठी मुलखास परका नाहीं. तो शब्द म्हणजे दत्तक. प्रेषित पौलानें रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत विश्वासणाऱ्यांचें देवाशीं असलेलें नातें याच दृष्टांतानें समजाविलें आहे. दत्तक जाणारा मुलगा स्वतःच्या हक्कानें त्या घरांत शिरत नाहीं. घरधनी त्यास निवडतो, आपलें नांव देतो आणि वारसाहि देतो. ख्रिस्त हा त्या घरचा औरस पुत्र. बाकीचे आपण सारे, कोणी शास्त्र्याच्या वाड्यांतून आलेला असो, कोणी गांवाबाहेर ठेविलेल्या वस्तींतून आलेला असो, कोणी समुद्रापलीकडून आलेला मिशनरी असो, दत्तकच. मग ज्या घरांत सगळेच दत्तक, त्या घरांत "तूं मूळचा कोणाचा?" असें कोणीं कोणास विचारावें?

परंतु आपण विचारतों. प्रभुभोजनास एका मेजाभोंवतीं जमणारे आम्ही, मुलामुलींच्या लग्नाची गोष्ट निघाली कीं पूर्वजांच्या गल्ल्या शोधूं लागतों. इतरांस बोल कशाला लावूं? माझ्याच घरीं एक स्थळ आलें असतां, मुलाचें शिक्षण व शील यांच्या आधीं माझ्या तोंडून प्रश्न निघाला, "त्यांचें मूळ घराणें कोणतें?" माझी वृद्ध आई जवळच बसली होती. ती इतकेंच म्हणाली, "अरे, आपलें घराणें कोणतें, तें तूं रोज प्रार्थनेंत म्हणतोसच कीं!" मीं मान खालीं घातली.

ही संवय सहजासहजीं सुटत नाहीं, हें खरें. नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनीं तो १९०० सालीं घेतला. मधल्या काळांत पतीजवळ पुन्हां राहावयास आल्यावरहि त्यांनीं आपलें सोंवळें निराळें ठेविलें होतें. जात ही देवानें केलेली नव्हे, माणसानें केलेली आहे, असें मनास पटलें तेव्हां त्यांनीं तें सोडलें. आणि "स्मृतिचित्रें" या ग्रंथांत त्यांनीं ही हकीकत कसलाहि आडपडदा न ठेवतां सांगितली आहे. आधीं पाण्याचा विटाळ गेला, मग बाप्तिस्मा झाला. आपल्यापैकीं कित्येकांचा क्रम याच्या उलट आहे. बाप्तिस्मा तीन पिढ्यांपूर्वीं झाला. विटाळ अजून जावयाचा आहे.

कोणी म्हणेल, मग पूर्वजांची भाषा, ओव्या, भजनें हें सर्व टाकून द्यावें काय? मुळींच नाहीं. दत्तक गेलेला मुलगा जन्मदात्या आईस विसरत नाहीं, आणि विसरूंहि नये. टिळकांनीं अभंग व कीर्तन हीं ख्रिस्ती उपासनेंत आणलीं, तीं आपल्या माहेरचें लेणें म्हणूनच. टाकावयाची आहे ती उतरंड, जिच्यांत एक मडकें दुसऱ्याच्या डोक्यावर बसतें.

प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंत पित्यास हांक मारतांना 'माझ्या' असा शब्द नाहीं, 'आमच्या' असा आहे. एकट्याला ती प्रार्थना म्हणतांच येत नाहीं. शेजारच्यास भाऊ मानण्याची ज्याची तयारी नाहीं, त्यानें देवास पिता म्हणण्यापूर्वीं क्षणभर थांबावें.

विद्यार्थिमित्रहो, अर्जाच्या रकान्यांत एकच शब्द मावतो. बाकीचें उत्तर तुम्हांस वसतिगृहाच्या पंगतींत, वर्गाच्या बांकावर, आणि पुढें स्वतःचा संसार मांडतांना लिहावयाचें आहे. आम्हां वडील माणसांचें अक्षर तेथें चुकलें आहे. तुम्ही तें गिरवूं नका.