द्राक्षाला थंडावा हवा, कोंडी नको

आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातील कडवंची गाव द्राक्षांनी नावारूपाला आले. आंबा अढीत पिकतो; द्राक्ष मात्र आंबट तोडले की आंबटच राहते. आहे ती गोडी टिकवणे, एवढेच आपल्या हाती.

म्हणून परदेशी जाणारा माल तोडताच गार करतात आणि शून्य अंशाजवळ, दमट हवेत ठेवतात. हवा कोरडी असली की आधी देठ तपकिरी पडतो, मग मणी गळतात. बुरशीसाठी पेटीत सल्फर पॅड घालतात. त्याचा वायू जास्त झाला तर मणी पांढरट होतात. कर्बवायू वाढवूनही बुरशी दबते, पण प्रमाण चुकले की दारूसारखा वास! घट्ट बांधलेल्या प्लॅस्टिक पिशवीतही तीच गत.

भगिनींनो, घड न धुता भोकांच्या पिशवीत गार जागी ठेवा. धुवायचे ते खाताना.