पन्नास मीटरची थाप

शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत जादा साखर, मीठ आणि चरबीचे पदार्थ विकता येणार नाहीत, असा नियम केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० साली केला. शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड हद्दपार केल्याची दवंडी महाराष्ट्र सरकारने तर २०१७ मध्येच पिटली होती. आता मधल्या सुट्टीत शाळेबाहेर उभे राहून पाहा. टपरीवर पाच-पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा लोंबताहेत, खाली गोळ्यांच्या बरण्या आहेत आणि भोवती गणवेशातल्या पोरांची झुंबड. नियम फाइलीत आणि मुले टपरीवर!

अशा खाण्याचे फळ सरकारच्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत छापले आहे. राज्यातील पाच वर्षांखालच्या मुलांत अतिवजनाचे प्रमाण २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होते; २०१९-२१ मध्ये ते ४.१ टक्क्यांवर गेले. त्याच पाहणीत ३५ टक्के मुले खुरटलेली आहेत. एक मूल सुजते, दुसरे खुरटते. दोघांच्याही ताटात पोसणारे अन्न नाही.

अडीचशे मिलीलिटर शीतपेयात साधारण सहा चमचे साखर असते. तीच साखर अंगावर चढते आणि तीच तोंडातल्या जिवाणूंच्या तावडीत सापडून आम्ल होते, दात पोखरते. दाढ ठणकणारे मूल भाकरी चावत नाही, पेरू-गाजर खात नाही. चहात बुडवलेले बिस्कीट गिळते. म्हणजे दातही जातो आणि वजनही वाढते. रात्रभर कळा सोसलेल्या या मुलाला वर्गात ‘ढोल्या’ म्हणून चिडवतात, मग ते खेळाचा तासही चुकवते.

आणि आमचे शहाणे बोट दाखवतात आईकडे! पहाटेची लोकल गाठून रात्री घरी परतणाऱ्या, एका खोलीत संसार रेटणाऱ्या बाईने पोराच्या हातावर पाच रुपये ठेवले, तर गुन्हेगार ती? पोराचे खेळायचे मैदान तिने विकले काय?

गुन्हेगार मंत्रालयात आणि दिल्लीत बसले आहेत. शालेय पोषण आहारातील अंड्यांचा निधी राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये तोडला. त्याच वर्षी सप्टेंबरात जीएसटी परिषदेने शीतपेयांवर ४० टक्के कर लावला खरा, पण बिस्किटे, चॉकलेटे, नमकीन यांचा कर ५ टक्क्यांवर आणला. गरिबाच्या पोराचे अंडे काढून घ्यायचे आणि चॉकलेट स्वस्त करायचे, याला आम्ही धोरण म्हणत नाही. हा दरोडा आहे!

चिलीने २०१६ मध्ये जादा साखर, मीठ आणि चरबीच्या पाकिटांवर काळे अष्टकोनी इशारे छापायला लावले. ब्रिटनने २०१८ मध्ये साखरपेयांवर कर बसवला. त्यानंतर दात काढण्यासाठी इस्पितळात दाखल होणारी मुले कमी झाल्याचे तिथल्या संशोधकांनी नोंदवले. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये मसुदा काढला तो पाकिटांना पोषणगुणांचे तारे वाटण्याचा! कारखानदाराला शाबासकी आणि मुलाला कीड.

आमची मागणी स्पष्ट आहे. अंड्यांचा निधी आजच्या आज परत द्या. पाकिटाच्या दर्शनी भागावर मोठ्या मराठी अक्षरांत इशारा छापायला लावा. प्रत्येक शाळेत वर्षातून दोनदा दाततपासणी करा आणि तालुक्याच्या रुग्णालयात उपचार मोफत ठेवा. पन्नास मीटरचा नियम मोडला, तर टपरीवाल्याआधी त्या भागाच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला निलंबित करा. मुलांना मत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. त्यांच्या आईबापांना आहे!