सार्वभौमत्वाची वाटणी होत नाही

देव सर्वसत्ताधीश असेल तर माणसाचे स्वातंत्र्य हा भास, आणि माणूस खरोखर स्वतंत्र असेल तर देवाची सत्ता तेवढ्यापुरती तोकडी. दोहोंपैकी एक काय ते निवडा. हे आव्हान ख्रिस्ती माणसाला बाहेरून मिळते, तसे मंडळीतल्या तरुणांच्या अभ्यासवर्गातही मिळते. उत्तर द्यायला उभा राहणारा बहुधा त्यातली अट मान्य करूनच बोलू लागतो. माझा विरोध त्या अटीला आहे. भावाभावांत जमिनीची वाटणी होताना एकाच्या नावे दोन गुंठे चढले की दुसऱ्याचे दोन उतरतात. देवाची इच्छा आणि माणसाची इच्छा अशा एका सातबाऱ्यावरच्या नोंदी नव्हेत. माणसाला इच्छा करण्याचे सामर्थ्यच ज्याच्याकडून मिळते, तो त्या इच्छेचा प्रतिस्पर्धी कसा होईल?

पहिला पूर्वपक्ष दैववादाचा. तो ग्रंथांत कमी आणि आपल्या घरांत जास्त सापडतो. बाळंतिणीला कळा सुरू होऊन रात्र उलटते, दवाखान्यात न्यायचे की नाही यावर घरात खल चालतो, सकाळी गाडी येईपर्यंत ती हातची जाते, आणि दफनाच्या वेळी कोणी वडीलधारे म्हणतात, "प्रभूची इच्छा!" शोकात माणसाने देवाचा आधार घ्यावा, त्याला कोण हरकत घेईल? पण स्वतःच्या हलगर्जीपणावर देवाच्या नावाचे पांघरूण घालणे हा आधार नव्हे. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञाही देवाचीच इच्छा होती, आणि ती रात्रभर आपल्या दारात उभी होती.

जे ठरले आहे ते होणारच, मग खटाटोप कशाला, असे दैववादी विचारतो. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या २७ व्या अध्यायाइतके सडेतोड उत्तर मला दुसरे माहीत नाही. पौल कैदी म्हणून रोमला चालला आहे. तारू वादळात सापडले आहे. कित्येक दिवस सूर्य दिसलेला नाही की तारे दिसलेले नाहीत. अशा वेळी पौल सांगतो की रात्री देवाच्या दूताने मला कळवले आहे, तारू जाईल, पण एकाचाही जीव जाणार नाही. म्हणजे निकाल लागला. चौदाव्या रात्री खलाशांना जमीन जवळ आल्याची चाहूल लागते. ते पाणी मोजतात: वीस वाव, थोडे पुढे पंधरा वाव. खडकावर आदळू नये म्हणून वरामीकडून चार नांगर सोडतात आणि उजाडण्याची वाट पाहतात. मग नाळेकडून आणखी नांगर टाकण्याच्या मिषाने मचवा पाण्यात उतरवतात. बेत असतो पळून जाण्याचा. पौल शताधिपतीला बजावतो की हे लोक तारवावर राहिले नाहीत, तर तुमचा बचाव व्हायचा नाही. शिपाई दोर कापतात, मचवा वाहून जातो. अखेर २७६ माणसे माल्टाच्या किनाऱ्याला लागतात, कोणी पोहून, कोणी फळीला धरून.

एकाही जिवाचा नाश होणार नाही, हे पौलाचे सांगणे. आणि खलाशी पळाले तर तुम्ही वाचणार नाही, हेही त्याचेच. दैववाद्याच्या तर्काने दुसरे सांगणे अविश्वासाचे ठरते. पौलाला त्यात काहीच विसंगत वाटले नाही, कारण देवाने जो शेवट ठरवला त्यात खलाशांचे कसब, पौलाचा इशारा आणि शिपायांनी कापलेला दोर हे सगळे धरलेलेच होते. वचन मिळाले म्हणून तो हातपाय गाळून बसला नाही. वचन मिळाले म्हणूनच तो हिमतीने बोलला, आणि उपाशी माणसांना त्याने चार घास खायला लावले.

कॅल्विनवादी म्हणजे दैववादी, हा आरोपही इथेच निकालात काढायला हवा. मी त्या परंपरेतला नाही, पण आरोप खोटा आहे. मिशनरी विल्यम कॅरी ज्या कॅल्विनवादी बॅप्टिस्ट पंथातला, त्याची शिकवण अशी होती की ख्रिस्ताचे मरण निवडलेल्यांसाठीच आहे. त्या पंथात अशीही माणसे होती, ज्यांना अविश्वासी श्रोत्याला 'विश्वास ठेव' असे सांगणेही गैर वाटे. त्याच पंथातल्या अँड्र्यू फुलर याने १७८५ च्या ग्रंथात त्यांचे खंडन केले, आणि १७९२ मध्ये कॅरीने जी पुस्तिका काढली तिच्या नावातच साधने वापरण्याचे कर्तव्य सांगितले आहे. पुढच्याच वर्षी तो बंगालमध्ये उतरला. तिथल्या श्रीरामपूरहून १८११ मध्ये निघालेला मराठी नवा करार हे त्याच विश्वासाचे फळ. तारण देवाच्या हाती आहे असे मानणाऱ्या माणसाने मराठी भाषेचे व्याकरण आणि कोश रचले, ही गोष्ट मराठी ख्रिस्ती माणसाने तरी विसरू नये.

दुसरा पूर्वपक्ष दिसायला गोड आहे. देव आपले काम करून थांबला आहे, शेवटचा शब्द माणसाचा. याच्या पुष्ट्यर्थ हमखास एक चित्र पुढे केले जाते: हातात कंदील घेऊन येशू दार ठोठावतो आहे आणि दाराला बाहेरून मूठ नाही. होल्मन हंट या इंग्रज चित्रकाराच्या त्या चित्राचा आधार प्रकटीकरणाच्या ३ ऱ्या अध्यायात आहे. पण अध्याय उघडून पाहावा. ते पत्र लावदिकीया इथल्या मंडळीला आहे. दाराआड बसलेले लोक आधीच ख्रिस्ताचे म्हणवणारे, कोमट झालेले. माणसाच्या पहिल्या विश्वासाचा सिद्धांत त्यावर उभारणे म्हणजे दुसऱ्याच्या नावचे पत्र वाचून स्वतःचा निष्कर्ष काढणे. फिलिप्पैत नदीकाठी जांभळी वस्त्रे विकणारी लुदिया पौलाचे बोलणे ऐकत होती, तिच्याबद्दल लूक स्पष्ट लिहितो की तिचे अंतःकरण प्रभूने उघडले. आणि लक्ष देऊन ऐकले तिनेच, आग्रहाने सगळ्यांना घरी नेलेही तिनेच.

या पक्षाचे लोक प्रार्थना करतात तेव्हा आपला सिद्धांत बाजूला ठेवतात, आणि ते बरेच करतात. दारूच्या आहारी गेलेल्या मुलासाठी आई रात्री गुडघे टेकते तेव्हा "प्रभू, त्याच्या इच्छेला हात लावू नकोस" असे ती म्हणत नाही. त्याचे मन फिरव, हेच मागते. माणसाचे मन देवाच्या आवाक्याबाहेर असेल तर ही प्रार्थना व्यर्थ आहे. पेलागियसच्या शिकवणीविरुद्ध ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने निर्णय दिला तो याच मुद्द्यासाठी: कृपा म्हणजे नुसता उपदेश नव्हे, ती आतून बळ देते.

मग अर्धे देवाचे, अर्धे माणसाचे, अशी तडजोड? ती तर पुन्हा वाटणीच झाली. खरे उत्तर चर्चने वेगळ्याच प्रश्नावर दिले आहे. येशूला इच्छा किती, एक की दोन, हा सातव्या शतकातला वाद. कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाला एक इच्छा मानणे सोयीचे होते. मॅक्सिमस नावाच्या वृद्ध संन्याशाने दोन म्हटले. त्याची जीभ आणि उजवा हात कापून त्याला हद्दपार करण्यात आले, आणि ६६२ मध्ये तो परमुलखात मेला. ६८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने त्याचेच म्हणणे ग्राह्य धरले: ख्रिस्तात दैवी इच्छाही पूर्ण, मानवी इच्छाही पूर्ण, आणि दुसरी पहिलीला राजीखुशीने अनुसरते. गेथशेमाने बागेतला घाम खरा होता. तिथे मानवी इच्छा पुसली गेली असती तर त्या रात्री कोणीच आज्ञापालन केले नसते. देवाला सर्वस्वी वाहिलेला माणूस हाच पूर्ण स्वतंत्र माणूस, हे मी तिथे पाहतो.

दुष्टतेचा प्रश्न याने सुटत नाही, हे मान्य. फारोचे मन देवाने कठीण केले, असे शास्त्र म्हणते. पण आरंभीच्या पीडांच्या वेळी तो स्वतःच मन कठीण करतो, आणि देवाने ते केले असे प्रत्यक्ष घटनाक्रमात प्रथम येते ते सहाव्या पीडेनंतर. देवाने हे आधीच सांगून ठेवले होते, हेही त्याच पुस्तकात आहे. दोन्ही ओळी मी ठेवतो. एक खोडून दुसरी सोपी करण्याचा अधिकार मला नाही. योसेफाला विकणाऱ्या भावांचा हेतू वाईट होता आणि देवाचा चांगला, तरी योसेफ त्यांचा अपराध नाकारत नाही. भावांचे पाप देवाच्या माथी मारणे आणि ते देवाच्या हाताबाहेर गेले म्हणणे, दोन्ही त्याला मंजूर नाही.

देवाच्या निवडीबद्दल सर्वांत कठोर लिखाण म्हणजे रोमकरांस पत्राचा ९ वा अध्याय. कुंभाराचा मातीवरचा अधिकार सगळे तिथूनच सांगतात. पण त्याचा आरंभ पौलाच्या रडण्याने होतो: माझ्या भाऊबंदांसाठी मी स्वतः शापित व्हायला तयार आहे, असे तो म्हणतो. आणि १० वा अध्याय उघडतो तो त्यांच्या तारणासाठी केलेल्या प्रार्थनेने; उपदेशक नसेल तर ते ऐकणार कसे, असे पौल विचारतो, आणि त्याच पत्राच्या शेवटी स्पेनला जाण्याची तयारी करतो.