खारं वावर नुसत्या गोड्या पाण्यानं धुतलं जात नाही

पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत मिळून साधारण पावणेपाच लाख हेक्टरचा खारपाणपट्टा पसरला आहे. भातकुली तालुका त्यातच मोडतो. या पट्ट्यातलं पाणी किती खारं, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा वऱ्हाडातल्या लोकांना समुद्रावर जावं लागलं नाही. अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याच्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासूनच मीठ काढलं गेलं.

आता निंभ्याजवळ पेढी नदीवरच्या निम्न पेढी प्रकल्पामुळे तालुक्यात गोड्या पाण्याची आस लागली आहे. पाणी आलं की वावरातला खार आपोआप धुऊन जाईल, असं अनेकांना वाटतं. इथंच थोडं थांबून विचार करायला पाहिजे.

पाण्यात विरघळणारा पदार्थ पाण्यासोबत खाली वाहून नेणे, याला शास्त्रात निक्षालन म्हणतात. चहाच्या पत्तीतून पाणी रंग आणि चव ओढून घेते, तोच प्रकार. खाणीवाले याच युक्तीने धातू काढतात. कमी प्रतीच्या तांब्याच्या दगडाचा ढीग रचतात, वरून पातळ गंधकाम्ल शिंपडतात. ते झिरपत तांबं विरघळवून खाली येतं. पण ढीग रचण्याआधीच ते तळाशी अस्तर घालतात आणि द्रव गोळा करायला वाट करून ठेवतात. म्हणजे तीन गोष्टी लागतात: विरघळवणारा द्रव, त्याला झिरपायला जागा आणि बाहेर पडायला वाट. आता सांगा, आपल्या वावरात या तिन्हींपैकी काय काय आहे?

आपली माती काळी, चिकण. तिच्या कणांना चुना, म्हणजे कॅल्शियम, चिकटलेला असला तर कण एकमेकांना धरून राहतात, ढेकूळ भुसभुशीत होते आणि पाणी मुरते. कॅल्शियमच्या जागी सोडियम बसला की कण सुटे होतात, मातीची छिद्रं बुजतात. पावसात नुसता रबडी चिखल, उन्हात दगडासारखं ढेकूळ. हीच चोपण जमीन. हा सोडियम कणाला चिकटून बसलेला असतो, म्हणून तो नुसत्या पाण्याने निघत नाही. उलट गोडं पाणी भरपूर सोडलं तर मोकळं मीठ तेवढं धुऊन जातं, चिकटलेला सोडियम मागे राहतो आणि माती आणखीच बसते. बोअरचं खारं पाणी दिलं तर सोडियमची भर पडते, ती वेगळीच.

यावर उपाय जिप्समचा. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला कणावरून हुसकावतं. सुटलेला सोडियम सल्फेटसोबत पाण्यात विरघळतो आणि मग खाली जाऊ शकतो. मात्र एक लिटर पाण्यात जिप्सम जेमतेम 2 ग्रॅमच्या आसपास विरघळते. म्हणून ते पावसाळ्यापूर्वी पसरून वरच्या थरात मिसळावं आणि पुढचं काम पावसावर सोपवावं. किती टाकायचं, हे शेजाऱ्याला विचारून ठरवू नका. माती परीक्षणात सामू, क्षारता आणि विनिमययोग्य सोडियम तपासून घ्या. ढेंचा किंवा बोरू गाडला तर तोही मदत करतो. कुजताना तयार होणारी आम्लं जमिनीतलाच न विरघळणारा चुना थोडाफार मोकळा करतात.

घरी एक खूण पाहता येते. काचेच्या पेल्यात पावसाचं पाणी घ्या, वावरातलं सुकं लहान ढेकूळ अलगद सोडा आणि हलवू नका. काही तासांत ढेकळाभोवती गढूळ ढग पसरला आणि पाणी निवळेना, तर सोडियमची शंका घ्या. ही फक्त खूण आहे, परीक्षणाच्या जागी चालणार नाही.

राहिली तिसरी गोष्ट, वाट. ती नसेल तर काय होतं ते सांगली जिल्ह्यातल्या मिरज, वाळव्याकडे आणि कोल्हापूरच्या शिरोळकडे पहा. तिथं पाणी कमी नव्हतं. उसाला बेसुमार पाणी दिलं, निचरा झाला नाही, पाण्याची पातळी वर आली, तिच्यासोबत क्षार वर आले आणि चांगल्या जमिनी क्षारपड झाल्या. नंतर जमिनीखाली छिद्रांचे पाइप घालून पाणी बाहेर काढण्याचा खर्च करावा लागला. आपली जमीन तर आधीच खारी. तिथं कालवा आधी आणि चर नंतर, असं झालं तर भोग कोणाच्या वाट्याला येतील?

हे काम एकट्या शेतकऱ्याचं नाही. एकाचा चर दुसऱ्याच्या धुऱ्यावर येऊन थांबला, तर सुधारणा होत नाही, भांडण होतं. म्हणून सरपंच, तलाठी आणि कृषी खात्याच्या मंडळींनी गावाच्या नकाशावर जुने नाले पाहावेत, कुठे बुजले, कुठे नांगरून टाकले याची शिवारफेरी करून नोंद घ्यावी आणि ग्रामसभेत ठराव करून ते मोकळे करावेत. 2018 साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात पूर्णा खोऱ्यातली खारपाणपट्ट्याची गावंही घेतली गेली होती. अशा योजनेतून शेततळं मागताना निचऱ्याचं कामही मागायला हवं.

थोडक्यात, आधी माती तपासा, मग जिप्सम टाका, पाणी बेताने द्या आणि त्या पाण्याला बाहेरची वाट काढा. कालव्याचं पाणी पोहोचण्याआधी नाला मोकळा झाला, तरच ते पाणी वावराच्या कामी येईल.