मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाचा मोबदला : घेतलेला की दिलेला?

समजा, दाभोसा येथे राहते घर, जव्हारच्या बाजारपेठेत किराणा मालाचे दुकान, बँकेत मुदत ठेवी आणि मुंबईत एक सदनिका एवढी मिळकत मागे ठेवून एक वयोवृद्ध गृहस्थ दिवंगत झाले. मुलगा मुंबईत, मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीला. मृत्युपत्राचा व्यवस्थापक, म्हणजे एक्झिक्युटर, म्हणून त्यांनी गावातच राहणाऱ्या पुतण्याचे नाव लिहून ठेवले होते. पुतण्याने वर्षभर धावपळ केली. तलाठ्याकडे नोंदी, जव्हारच्या तहसील कचेरीत हेलपाटे, बँकेचे दावे, दुकानाची येणी-देणी आणि मुंबईच्या फेऱ्या हे सर्व त्यानेच पाहिले. अखेरीस हिशेब मांडताना त्यात एक ओळ होती : ‘मेहनतीबद्दल रुपये एक लाख.’ चुलत भाऊ गप्प झाला. बहिणीने दूरध्वनीवर एवढेच विचारले, “दादा, हे बाबांनी लिहिले होते का?” त्या दिवसापासून दोन घरांतील जाणे-येणे थांबले.

हा प्रसंग कल्पित असला तरी असे प्रसंग घरोघरी घडतात. त्यात लबाड कोणीच नसतो. एकाने खरोखर कष्ट केलेले असतात आणि दुसऱ्याला न विचारता पैसे घेतल्याचे दुःख झालेले असते. म्हणून कायदा याविषयी काय सांगतो, हे आधी समजून घेतले पाहिजे.

मृत्युपत्रांच्या बाबतीत जैन समाजाला भारतीय वारसा अधिनियम, 1925 लागू होतो. त्याच्या कलम 309 नुसार एक्झिक्युटरला महाप्रशासकासाठी ठरलेल्या दरापेक्षा अधिक कमिशन घेता येत नाही. महाप्रशासक हा शासनाचा अधिकारी असून बेवारस किंवा व्यवस्थेविना पडलेल्या मिळकती तो सांभाळतो. या कलमाने वरची मर्यादा घातली आहे. प्रत्येक एक्झिक्युटरला अमुक टक्के मिळालेच पाहिजेत, असे ते म्हणत नाही. विश्वस्तांविषयीच्या 1882 च्या कायद्याचे धोरणही असेच आहे. लेखात तरतूद नसेल, करार नसेल किंवा न्यायालयाचा आदेश नसेल, तर विश्वस्ताला आपल्या श्रमाचा मोबदला मागता येत नाही. थोडक्यात, विश्वासाचे काम हे मुळात विनामूल्य मानले गेले आहे.

न्यू जर्सीत राहणाऱ्या बहिणीला हे विचित्र वाटेल, कारण तिथे एक्झिक्युटरचा मोबदला कायद्यानेच ठरवून दिला आहे. मिळकतीच्या पहिल्या दोन लाख डॉलरवर 5 टक्के आणि त्यापुढे दहा लाखांपर्यंत साडेतीन टक्के, असा तो दर आहे. पाच लाख डॉलरच्या मिळकतीवर ही रक्कम 20,500 डॉलर होते. कॅलिफोर्नियात तेवढ्याच मिळकतीवर 13,000 डॉलर होतात आणि वकिलालाही सामान्यतः त्याच दराने तेवढीच रक्कम मिळते. इंग्लंडमध्ये मात्र सामान्य नातेवाइकाला मृत्युपत्रात तरतूद असल्याशिवाय श्रमाचे काही मिळत नाही. आपल्या कायद्याची जडणघडण त्याच वळणाची आहे.

येथे खर्च आणि मोबदला यांतील भेद ध्यानात ठेवावा. बसभाडे, नकला, टपाल, वकिलाची फी, न्यायालयाचे शुल्क हा खर्च होय. तो वाजवी असेल आणि पावतीसह मांडलेला असेल, तर मिळकतीतून भरून घेण्यात काहीच गैर नाही. आपल्या वेळेची आणि श्रमाची किंमत म्हणून घेतलेली रक्कम हा मोबदला. पुतण्याने बसभाड्याची आणि नकलांची यादी दिली असती, तर कोणी हरकत घेतली नसती. एक लाखाच्या एका आकड्यात दोन्ही मिसळले आणि संशयाला जागा झाली.

पैसे कोणत्या क्रमाने द्यायचे, हेही कायद्याने ठरवले आहे. प्रथम मृताच्या ऐपतीस साजेसा अंत्यसंस्काराचा खर्च आणि अखेरच्या आजाराचा खर्च. नंतर प्रोबेट आणि त्यासंबंधीच्या न्यायालयीन कामाचा खर्च. मग मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांत मजूर, कारागीर किंवा घरगडी यांनी केलेल्या कामाची मजुरी. त्यानंतर इतर कर्जे आणि सर्वांत शेवटी मृत्युपत्राप्रमाणे वाटप. दुकानातील हमालाची मजुरी वारसांच्या वाट्याआधी येते, ही गोष्ट दुकानदारांच्या समाजाने विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. वाटपासाठी एक्झिक्युटरला मृत्यूपासून एक वर्षाची मुदत असते. त्याआधी त्याच्यावर सक्ती करता येत नाही.

खर्चाचा अंदाजही आधी घ्यावा. दाभोसा येथील घराची वारसनोंद तलाठ्याकडे होते आणि ती खबर तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते. केवळ तेवढ्यासाठी प्रोबेट कधीच सक्तीचे नव्हते. मुंबईतील सदनिकेबाबत ती सक्ती होती. संसदेने डिसेंबर 2025 मध्ये ती काढून टाकली. तरीही वाद असेल तेथे प्रोबेट घेणे हिताचे ठरते. महाराष्ट्रात त्याच्या न्यायालयीन शुल्काची कमाल मर्यादा 75,000 रुपये आहे. वकिलाची फी याहून वेगळी असते. नामनिर्देशनाने सर्व प्रश्न सुटतात, हाही समज सोडावा. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या निधनानंतर म्युच्युअल फंडांविषयी उद्भवलेला वाद 2014 मध्ये न्यायालयात गेला. डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, नामनिर्देशित व्यक्ती त्या गुंतवणुकीची मालक होत नाही. म्हणजे नॉमिनीकडून रक्कम घेऊन ती योग्य वारसांना पोहोचवण्याचे काम एक्झिक्युटरकडे राहतेच. ज्या कामात इतकी जबाबदारी आहे, त्याचा मोबदला असावा असे वाटणे स्वाभाविक आहे. सेंट्रल बँक ऑफ इंडियाने 1929 मध्येच यासाठी स्वतंत्र एक्झिक्युटर व ट्रस्टी विभाग उघडला होता. व्यावसायिक संस्था नेमायची असेल, तर तिचे दरपत्रक मृत्युपत्र करण्यापूर्वीच लेखी मागवावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. श्रावकाच्या अचौर्याणुव्रतात ‘अदत्तादान’ वर्ज्य आहे. न दिलेले घेणे म्हणजे अदत्तादान. पुतण्याने कष्ट केले होते, पण ती रक्कम त्याला कोणी दिली नव्हती. त्याने ती घेतली. तीच रक्कम काकांनी मृत्युपत्रात लिहिली असती, तर ती ‘दत्त’ झाली असती. तिचा सन्मान राहिला असता आणि बहिणीला प्रश्न पडला नसता. दोष शोधायचाच असेल, तर तो घेणाऱ्यापेक्षा लिहायला विसरणाऱ्याकडे अधिक जातो.

त्यासाठी मृत्युपत्रात तीनच वाक्ये पुरतात. पहिले : व्यवस्थापकास त्याच्या कामाबद्दल अमुक इतकी निश्चित रक्कम देणगी म्हणून द्यावी. दुसरे : वाजवी प्रत्यक्ष खर्च पावत्यांसह वेगळा द्यावा. तिसरे : हिशेब सर्व वारसांना दाखवावा. कलम 141 नुसार व्यवस्थापकाला ठेवलेली देणगी त्याने काम स्वीकारल्याखेरीज त्याला मिळत नाही. त्यामुळे नाव आहे पण काम नाही, अशा माणसाच्या हाती ती जाण्याची भीती नाही. अचूक शब्दयोजना वकिलाकडून तपासून घ्यावी. आणि ज्याचे नाव लिहायचे, त्याला आधी विचारावे. काहींना पैसे नको असतात. तसे असेल तर तेही लिहून ठेवावे.

ज्यांच्या मृत्युपत्रात अशी तरतूद नाही, त्यांच्या वारसांसाठीही मार्ग मोकळा आहे. व्यवस्थापकाने रक्कम घेण्यापूर्वी सर्वांना एकत्र बसवावे, खर्चाची वही पुढे ठेवावी आणि मोबदल्याचा प्रश्न स्पष्टपणे मांडावा. सर्व वारस सज्ञान असून राजी असतील, तर त्यांची लेखी संमती घ्यावी. दाभोसा येथील पुतण्याने काम संपल्यावर आकडा लिहिला. काम सुरू करण्यापूर्वीच त्याने तो विचारला असता, तर बहुधा बहिणीनेच एक लाखाहून अधिक रक्कम सुचवली असती.